डावा कान चुडाव्याला

आमच्या पालमला कुठलीच गोष्ट थेट येत नाही. बातमी आधी गंगाखेडला उतरते, चहा पिते आणि मग आमच्याकडे येते. फॅशन परभणीत जुनी झाली की आमच्याकडे नवी होते. त्यामुळे कानात घालायच्या दोन बारक्या यंत्रांना अपडेट येणार आहे, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा समोरच्या घरातल्या दत्तरावमामांनी विचारलेला प्रश्न रास्तच होता. मामा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर.

"कोणत्या गाडीनं यायलाय?"

मी समजावून सांगितलं. कंपनी अपडेट इंटरनेटवर सोडते. ते माझ्या फोनमधल्या ॲपमध्ये उतरतं. फोन ते ब्लूटूथवरून उजव्या यंत्राला, म्हणजे बडला, देतो आणि उजवा ते डाव्याला देतो.

"मंजी थेट गाडी न्हाई," मामा म्हणाले. "फोनवर बदली. मंग उजव्यात उतरायचं अन् डाव्यासाठी दुसरी धरायची. लय हाल हायेत की त्याचे."

अपडेटचे एवढे हाल होतात याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. पुढे माझेच जे झाले ते पाहता ती दया मी राखून ठेवायला हवी होती.

विषय आप्पांच्या कानाचा होता. आप्पा म्हणजे माझे वडील, सिताराम. त्यांना कमी ऐकू येतं. ते कारकून होते तोवर हा दोष नव्हता, अनुभव समजला जायचा. निवृत्तीनंतर तो दोष झाला. कानाचं मशीन घ्या म्हटलं की म्हणायचे, "मशीन म्हाताऱ्यायला असतंय." त्यावर त्यांनी स्वतःचा उपाय काढला होता. समोरचा काहीही बोलला की गोड हसायचं आणि मान डोलवायची. हा उपाय बहुतेक ठिकाणी चालतो. मागच्या वर्षी आम्ही बोरीला माझ्यासाठी पोरगी बघायला गेलो होतो. तिथे आप्पांनी दुपारभर मान डोलवली आणि आम्ही परत आलो ते एक म्हैस घेऊन. पोरगी राहिली. म्हैस अजून आहे. ती माझ्याकडे बघते. मी तिच्याकडे बघत नाही.

म्हशीची हकिकत ऐकून पुण्याच्या माझ्या बहिणीने, बबिताताईने, आप्पांसाठी इअरबड पाठवले. हे तरणी पोरं घालतात, त्यामुळे आप्पांची हरकत नव्हती. नव्या अपडेटमध्ये अशी सोय होती, की समोरच्याचं बोलणं मोठं होऊन कानात शिरणार. ही सोय रविवारच्या आत आप्पांच्या कानात उतरायला हवी होती. कारण रविवारी चुडाव्याचे चंद्रभानकाका माझ्या सोयरिकीच्या बैठकीला आमच्या घरी येणार होते.

त्यांची मुलगी सृष्टी मला पसंत होती. मी तिला पसंत होतो, याचेही पुरावे होते. उरले होते फक्त काका. त्यांची एकच अट, "पोरगा सरळ पाहिजे." एक पोरगा बशीतला चहा फुंकून प्यायला म्हणून त्यांनी त्याला नाकारलं होतं. घाई दिसते म्हणे. अशा माणसापुढे आप्पा नुसती मान डोलवत बसले, तर या खेपेला आमच्या दारात कोणतं जनावर बांधलं जाईल याचा नेम नव्हता.

तर घरच्यांसमोर आणि मामांसमोर मी बडची चार्जिंगची डबी उघडली. ॲपने अटी घातल्या. झाकण उघडं ठेवा. फोन जवळ ठेवा. चार्जिंग अर्ध्याच्या वर असू द्या. दोन्ही बड डबीत ठेवा.

डबीत उजवा होता.

"अन् डावा कुठंय?" माय म्हणाली.

डावा कुठे आहे ते मला पक्कं माहीत होतं. आप्पांना शिकवण्याआधी आपण शिकावं, या शुद्ध हेतूने ते बड मीच वापरत होतो. त्यातच एकदा चुडाव्याच्या रेल्वे स्टेशनवर, बाकावर, कुणाला न सांगता मी सृष्टीला भेटलो. निघताना ती म्हणाली, "एक माझ्याकडं राहू द्या, एक तुमच्याकडं." मी दिला. असल्या वेळी माणूस किडनीसुद्धा देतो. मी तर नुसता कान दिला. तिची मैत्रीण ज्ञानेश्वरी हिच्याकडे त्याच कंपनीची डबी होती. डाव्याची चार्जिंगची खानावळ तिथे लागली.

आता हे सांगायचं म्हणजे बैठकीआधी पोरीला चोरून भेटलो हे सांगायचं. तेही मामांच्या देखत. म्हणजे दिवस मावळायच्या आत ते चुडाव्याला काकांच्या ओसरीवर पोचणार. पालमहून निघणारी ही एकच गोष्ट अशी, की जिला कुठेही बदली लागली नसती. सरळ पोरगा तिथेच संपला असता आणि सोयरीकही.

"इथंच कुठं तरी पडला असंल," मी म्हणालो. शांतपणे बोललेलं ते माझं त्या आठवड्यातलं शेवटचं वाक्य.

मायने पलंग उलटा केला. डाळीचे डबे चाळून काढले. आप्पांना कुणी तरी मोठ्याने सांगितलं की डावा हरवला, तेव्हा ते गोड हसले. मामा मात्र अंगणात उभे राहून तपास करत होते. एसटीत त्यांनी विनातिकिटवाले नुसत्या चेहऱ्यावरून धरलेले आहेत. त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाचा चेहरा पाहिला आणि शेवटी त्यांची नजर त्यांच्याच दारात बांधलेल्या शेळीवर थांबली.

"हिनं खाल्ला."

"कोण? माझी राणी?" वच्छलामामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, घरातून लाटण्यासकट बाहेर आल्या. "दिसंल ते खायला ती काय तुमी हाव का?"

"चेहरा बघ तिचा. गुमान उभी हाय. कालपासनं डावा कान हलवायली."

"माशी बसायलीय कानावर!"

"माशी डाव्यावरच कामून बसायली मंग?"

मामी लाटणं आपटत आत गेल्या. शेळीने पुन्हा डावा कान हलवला. नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं ते तेव्हापासून, आणि सगळी गल्ली शेळीला भेटायला येऊ लागली. आजारी माणसाला भेटायला येतात तसंच. कुणी केळी आणली, कुणी म्हणालं एरंडेल द्या. कुणी शेळीच्या पोटाला कान लावून "हॅलो" म्हणून पाहिलं. एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, की अपडेट पोटात गेलं तर दूध वाढतं का.

शेवटी गल्लीने ठराव केला, की जे आत गेलंय ते कधी तरी बाहेर येईलच. तोवर शेळीच्या मागे सुपली घेऊन कुणी तरी जबाबदार माणसाने हिंडावं. जबाबदार म्हणून मी निघालो. मी बी.कॉम. आहे. हे इथे सांगायची गरज नाही, पण त्या दिवसांत मी ते स्वतःला वारंवार सांगत होतो. शेळी पुढे, मी मागे. निकाल काय लागणार हे त्या गल्लीत फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि शेळीला. तरीही दर खेपेला सुपलीत पाहून मला निराश झाल्यासारखं दाखवावं लागायचं. शेळीने एकदा वळून माझ्याकडे जे पाहिलं, त्यात सगळं होतं. खरं सांगायचं तर निर्दोष प्राण्याच्या नजरेला नजर देणं फार अवघड असतं.

मग आप्पांनी फर्मान काढलं, "कंपनीला फोन लाव." मी लावला. बाई गोड बोलत होत्या.

"सर, जो बड हरवलाय त्याचा फोटो पाठवा."

"मॅडम, तो हरवलाय."

"हो सर. त्याचाच. स्पष्ट दिसला पाहिजे."

"हरवलेला कसा दिसंल?"

"मग सर, जिथे हरवला त्या जागेचा पाठवा."

मामांनी लगेच शेळीचा फोटो काढला. समोरून एक, बाजूने एक. संध्याकाळी उत्तर आलं, 'आपण पाठवलेले उत्पादन आमच्या कंपनीचे नाही.'

इकडे मी रात्रंदिवस सृष्टीला मेसेज करत होतो, की डावा पाठव. माझ्या फोनमध्ये ती 'गॅस एजन्सी' या नावाने राहते. माय एकदा म्हणालीसुद्धा, "आपल्या घरची एजन्सीला लयच फिकीर हाय बाबा." शनिवारी गॅस एजन्सीचा फोन आला.

"ऐका, डाव्याचं जरा अवघड झालंय," सृष्टी कुजबुजली. "तो आता माझ्याकडं न्हाई. तो हाय ना…"

आणि रेंज गेली. आमच्याकडे रेंज अशाच वाक्यांच्या मध्ये जाते.

रविवारी दुपारी चंद्रभानकाका जीपमधून उतरले. पांढरा सदरा, पांढरे केस, बरोबर दोन नातेवाईक. जय भीम झाला, पाय धुवायला पाणी झालं. मी नमस्काराला वाकलो, उठलो, आणि माझी नजर त्यांच्या डाव्या कानावर गेली.

डावा तिथे होता.

हे कसं घडलं ते मला नंतर कळलं. काकांना तो बड सृष्टीच्या उशाखाली सापडला होता. घाबरून तिने सांगितलं, की कान तपासायच्या शिबिरात तुमच्यासाठी मिळालाय. काकांनाही कमी ऐकू यायचं, हे त्यांच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी तो त्याच क्षणी कानात घातला आणि "लय फरक पडला" म्हणून घरभर सांगत सुटले. फरक एवढाच होता, की आता कानात बोळा होता. बैठकीला निघताना मात्र, "मशीन भरून आण," म्हणून त्यांनी सृष्टीला पिटाळलं होतं आणि डावा ज्ञानेश्वरीच्या डबीत पोटभर जेवून आला होता.

आप्पांनीही हट्टाने उजवा कानात घातला होता. अपडेट नसलं म्हणून काय झालं, दिसायला बरं दिसतं.

अशी बैठक सुरू झाली. दोन्ही वडील समोरासमोर सतरंजीवर बसले आणि एकमेकांकडे पाहून गोड हसले.

"लग्न पालमला करायचं का चुडाव्याला?" काकांच्या नातेवाइकाने विचारलं.

आप्पांनी मान डोलवली. काकांनीही डोलवली.

"न्हाई, पण कुठं?"

दोघांनी पुन्हा डोलवली.

"पोरीचं पुढचं शिक्षण कसं करायचं?"

डोलवली. अशी एकमताची बैठक मी आजवर पाहिली नाही. मामा उंबऱ्यात बसले होते, ते मला हळूच म्हणाले, "लय सरळ माणसं हायेत दोघं बी." मला मात्र अंगणातून म्हशीचा आवाज ऐकू आला.

तेवढ्यात दोन्ही वडील एकदमच ताठ झाले. माझा फोन खिशात होता. डाव्याने जुनी ओळख काढून त्याला धरलं होतं, उजवा आधीच धरलेला होता. दोघांच्या कानात "कनेक्टेड" असं एकाच वेळी वाजलं असणार. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनीही काही झालं नाही असं दाखवलं.

आणि फोन थरथरला. मी खिशातून जरासा वर काढून पाहिला. गॅस एजन्सी.

मी तो कापणार इतक्यात चंद्रभानकाकांनी कानात वाजतंय काय म्हणून बोट वर नेलं आणि बडवर टेकवलं. बडला बोट लावलं की फोन उचलला जातो. फोन उचलला गेला.

फोनचा आवाज थेट दोघांच्या कानात होता; खोलीत बाकी कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मलाही नाही. मला फक्त पडद्यावर सेकंद पुढे सरकताना दिसत होते आणि समोर दोन म्हातारे दिसत होते. मास्तरांपुढे उभी राहिलेली पोरं दिसतात तसे. आप्पांची मान डोलायची थांबली होती. काकांच्या कपाळावर एक आठी आली, मग दुसरी आली, आणि मग दोन्ही हळूहळू गेल्या. फोन कापायला माझा अंगठा हलेना. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात असल्या प्रसंगावर काहीच नाही.

ती काय बोलत होती ते तिनेच मला पुढे सांगितलं. ती म्हणाली होती, "काई बोलू नका, नुसतं ऐका. डावा बाबांच्या कानात हाय. मी तो स्टेशनवर तुमच्याकडनं घेतलेला हाय हे त्यायला ठावं न्हाई. बाबांला ऐकू कमी येतंय. ते लाजतेत, लपवतेत. जवळ बसून जरा मोठ्यानं बोला, पण वरडू नका, त्यायच्या मनाला लागतंय. अन् आप्पांला बी सांभाळा. ते बी असंच करतेत म्हणलात ना. न्हाई तर दोघं मान हलवत बसतील अन् आपलं राहून म्हशीचंच जमंल. मला हेच घर पाहिजे. कळलं का?"

"कळलं, पोरी," चंद्रभानकाका खोलीत मोठ्याने म्हणाले.

"हो, हो," आप्पा म्हणाले.

पलीकडे फोन जो कटला, तो आमच्या इथे दार आपटल्यासारखा वाटला.

काकांनी डावा हळूच काढून तळहातावर घेतला. आप्पांनी उजवा काढला. दोन्ही हात शेजारी आले. अगदी एकाच घरातले दिसत होते. आणि तेवढ्यात चहाचे कप न्यायला आलेल्या वच्छलामामींनी ते पाहिलं.

"आगं बाई! ह्यो तर डावा! पाव्हण्याच्या कानात! अन् माझ्या राणीवर आळ? आख्खी गल्ली तिच्या मागं सुपली घेऊन?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मामांचे डोळे चमकले. विनातिकीट माणूस सापडला होता. मी सतरंजीच्या पट्ट्या पाहू लागलो. निळी, लाल, निळी.

"आमीच दिला व्हता त्यायच्याकडं," आप्पा म्हणाले.

"कामून?" मामा म्हणाले.

"रीत हाय." आप्पा कारकून होते. कुठल्याही गोष्टीला जुना नियम काढून दाखवायची सवय हाडात होती. "सोयरीक करायची तर एक कान त्यायच्याकडं ठेवायचा, एक आपल्याकडं. ऐकून घेतेत का बघायचं. मंग जोडायचं."

मामांनी काकांकडे पाहिलं. मीही पाहिलं. एका शब्दात सगळं बुडणार होतं किंवा तरणार होतं.

"आमच्यात बी हाय," चंद्रभानकाका शांतपणे म्हणाले. "लय जुनी हाय."

"ब्लूटूथची?"

"पयले तारेचं व्हतं."

"मंग माझ्या शेळीमागं कामून लागलात?" मामींनी आप्पांना विचारलं.

आप्पा गोड हसले आणि त्यांनी मान डोलवली. त्यांना पुन्हा काही ऐकू येईनासं झालं होतं.

दोन्ही बड डबीत गेले. झाकण उघडं, फोन शेजारी. ॲपला या खेपेला काही बोलायला जागाच नव्हती. अपडेट निघालं. सगळी बैठक डबीभोवती गोळा झाली आणि मामांनी उंबरा सोडून सूत्रं हातात घेतली.

"परभणी सोडली," मामांनी पुकारलं. "पोखर्णी… पोखर्णी गेली… सरका जरा, वारं येऊ द्या त्याला."

साठाच्या पुढे आकडा हलेना. काकांचा नातेवाईक घाबरला. "बंद पडलं का वो?"

"गंगाखेडला थांबती गाडी. ड्रायव्हर चहा पितंय," मामा म्हणाले.

सगळ्यांनी पुन्हा चहा घेतला. काकांनी मला बशी दिली आणि माझ्याकडे बघत बसले. मी तो चहा न फुंकता प्यायलो. जीभ अजून हुळहुळते. मग उजव्यातलं डाव्यात उतरलं आणि मामा ओरडले, "पालम! उतरा, सगळे उतरा!"

आप्पांनी उजवा घातला, काकांनी डावा. बाहेर शेळी ओरडली. आप्पा दचकले, मग कान टवकारून ऐकत राहिले.

"ही इतकी बारीक वरडती व्हय," ते म्हणाले. मायकडे वळले. "कवापासनं?"

"जनमल्यापासनं," माय हळूच म्हणाली. आणि आप्पांना तेही ऐकू आलं.

चंद्रभानकाका माझ्याकडे वळले. "पोरगा सरळ न्हाई," ते म्हणाले. "आमची पोरगी बी न्हाई. जमतंय. लग्न पालमला. शिक्षण ती म्हणंल तितकं. अन् रितीपरमानं डावा लग्नापतोर चुडाव्याला."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मामी उंबऱ्यात आडव्या उभ्या होत्या. "राणीची माफी मागितल्याबिगर कुणी हलायचं न्हाई." त्यांचा मुद्दा न्यायाचा होता. आप्पांनी उजवा काढून डबीत ठेवायला माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "जा, माग."

सगळी गल्ली जमली. काका जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबले. मी शेळीसमोर गुडघे टेकले, हात जोडले आणि मनापासून म्हणालो, "राणी, चुकलं." उजवा जोडलेल्या हातांच्या मधेच होता हे माझ्या लक्षात आलं नाही. शेळीच्या आलं. इतके दिवस जिच्यावर आळ होता, तिने तो शांतपणे खरा केला.

"गिळू देऊ नका!" मामींनी झडप घालून तिचा जबडा धरला. उजवा जिभेवर दिसत होता.

आणि माझा फोन थरथरला. गॅस एजन्सी. मी बटण शोधेपर्यंत शेळीने जीभ फिरवली आणि फोन उचलला.

फोनवर स्पीकर नावाचं बटण असतं हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं, की सृष्टी बोलतेय, ती काकांच्या कानात ऐकू येतेय, आणि माझं उत्तर जायची वाट शेळीच्या तोंडात आहे.

"काय म्हणायली ती?" मी विचारलं.

काकांनी डाव्या कानावर हात ठेवला. "म्हणती, जमलं का?"

मामींनी जबडा आणखी उघडला. मी वाकलो आणि सगळ्या गल्लीदेखत शेळीच्या घशात ओरडलो, "जमलं! सृष्टी, जमलं!"

सगळे चंद्रभानकाकांकडे बघू लागले. ते जीपच्या पायरीवर डोळे मिटून ऐकत होते.

"ऐकू आलं म्हणती," ते म्हणाले.